दुधाच्या काट्यावरचं एसक्यूलाइट

मी सांगली जिल्ह्यात गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. सध्या तेवीस गावांत ते चालतं. सकाळी पावणेसहा ते आठ आणि संध्याकाळी पावणेसहा ते आठ या वेळात माझा फोन वाजला की पोटात गोळा येतो, कारण त्या वेळी केंद्राच्या दारात किटल्या आणि कॅन घेऊन पन्नास-साठ माणसं उभी असतात. या सगळ्या केंद्रांवर नोंदी साठवायला 2012 पासून मी एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरते. लाईट गेली आणि फाईल खराब झाली, आता काय करू, असे नवीन मुलामुलींचे फोन मला अजून येतात. प्रत्येकाला तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी 2011 च्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. तेव्हा मी दुसऱ्यांचं तयार सॉफ्टवेअर केंद्रांवर बसवून द्यायचे आणि त्याची देखभाल करायचे. त्यात नोंदी एका फाईलमध्ये आणि त्या शोधायची सूची दुसऱ्या फाईलमध्ये असायची. एका संध्याकाळी ऐन गर्दीत लाईट गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेलीच होती, कॉम्प्युटर जागच्या जागी बंद पडला. सकाळी सचिवांनी प्रोग्राम उघडला तर सूची जुळत नाही असा संदेश. त्यांनी सूची नव्याने बांधायचं बटण दाबलं, आणि एका खात्याचं दूध दुसऱ्याच खात्यावर दिसायला लागलं. दहा दिवसांच्या बिलाचा तो नववा दिवस होता.

मग गावात निरोप फिरला, पावत्या घेऊन या. लोक आले. कुणी पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणल्या होत्या, कुणी देवाच्या फोटोमागे खोचलेल्या काढून आणल्या. एका मावशींनी त्यांच्या पावत्या चुलीजवळच्या फळीवर ठेवलेल्या. तो छपाईचा कागद उष्णतेवर चालतो, चुलीच्या धगीनं अख्खा काळा पडला होता. सचिव तो कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरून फॅटचा आकडा वाचायचा प्रयत्न करत होते आणि मावशी म्हणत होत्या, "बघा दादा, चार पॉइंट काहीतरी असंल." ते बिल आम्ही दोन रात्री बसून हातानं केलं. मावशींना सरासरी धरून पैसे दिले. त्यांनी ते मुकाट्यानं घेतले, पण त्यांचं दूध नक्की किती होतं हे मला आजही माहीत नाही, आणि ते मला खुपतं.

त्यानंतर मी स्वतःचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि नोंदी कशात साठवायच्या यावर तीन महिने घालवले.

काट्यावर एक नोंद होते तेव्हा नक्की काय होतं ते बघा. साडेसात लिटर गाईचं दूध आलं, फॅट 4.2, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) 8.5, दर 34 रुपये, रक्कम 255. एवढ्यासाठी फाईलमध्ये चार ठिकाणी लिहावं लागतं: संकलनाच्या तक्त्यात एक ओळ, उत्पादकाच्या खात्यावर 255 रुपये जमा, त्या वेळच्या एकूण दुधात साडेसात लिटरची भर, आणि सूचीत बदल. डिस्क हे चारही एका झटक्यात लिहू शकत नाही. दोन लिहून झाले आणि लाईट गेली, तर दूध आलं पण पैसे जमा नाहीत अशी अर्धवट फाईल उरते. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम आपण दिलेलं लिखाण लगेच डिस्कवर उतरवत नाही, आधी मेमरीत ठेवते आणि सोयीनं, सोयीच्या क्रमानं लिहिते. म्हणजे आपण आधी लिहायला सांगितलेलं मागे राहून नंतरचं आधी पोचू शकतं.

एसक्यूलाइटचा यावरचा मूळ उपाय मला इतका आवडला की पहिल्यांदा समजला तेव्हा मी आमच्या सचिवांनाही तो समजावून सांगितला. समजा खतावणीच्या पानावर खाडाखोड करायची आहे. तर आधी ते पान जसंच्या तसं एका सुट्या कागदावर उतरवून घ्यायचं. तो कागद कपाटात ठेवून कुलूप लावायचं. मगच खतावणीला हात लावायचा. सगळे बदल झाले, शाई वाळली, की सुटा कागद फाडून टाकायचा. मध्येच काही झालं तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसानं आधी कपाट उघडायचं. कागद सापडला तर काम अर्धवट राहिलंय असं समजून जुनं पान परत उतरवायचं. कागद नसेल तर काम पूर्ण झालंय.

प्रत्यक्षात हा सुटा कागद म्हणजे डेटाबेसच्याच फोल्डरमध्ये तयार होणारी, त्याच नावाला जर्नल अशी शेपूट असलेली फाईल. डेटाबेसची फाईल ठरावीक मापाच्या तुकड्यांत विभागलेली असते, त्यांनाच पानं म्हणतात. जी पानं बदलायची आहेत त्यांच्या जुन्या प्रती आधी तिच्यात जातात. मग डिस्कला बजावलं जातं की हे खरोखर उतरव, मेमरीत ठेवू नकोस. ते झाल्याशिवाय मूळ फाईलला हात लागत नाही. मग मूळ फाईल बदलते, तीही डिस्कवर पक्की होते, आणि शेवटी जर्नल पुसली जाते. जर्नल पुसली गेली तो क्षण म्हणजे कमिट, म्हणजे नोंद पक्की झाली. दुसरं कुठलंही चिन्ह नाही, फाईल आहे की नाही एवढ्यावर सगळं ठरतं.

मग जर्नल लिहितानाच लाईट गेली तर? हा प्रश्न मला लगेच पडला होता. त्याचंही उत्तर एसक्यूलाइट बनवणाऱ्यांनी ठेवलंय. मूळ फाईलला तोवर हात लागलेलाच नसतो, त्यामुळे तिकडे काही बिघडत नाही. आणि अर्धवट जर्नल कुणी पूर्ण समजू नये म्हणून तिच्या सुरुवातीला आत किती पानं आहेत हा आकडा असतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये पानं डिस्कवर पोचली याची खात्री झाल्यावरच तो आकडा भरला जातो, आणि मग डिस्कला पुन्हा एकदा बजावलं जातं. शिवाय प्रत्येक पानाजवळ पडताळणीची बेरीज असते. जर्नलमधली जुनी पानं परत उतरवताना पुन्हा लाईट गेली तरी बिघडत नाही, जुनं पान दोनदा उतरवलं तरी ते तेच पान असतं.

वाचून मी समाधानी झाले नाही. मावशींचा काळा कागद डोळ्यांसमोर होता. एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर सतत दुधाच्या नोंदी टाकत राहणारा छोटा प्रोग्राम लिहिला. एकेक नोंद कमिट झाली की तिचा क्रमांक तारेनं जोडलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर जायचा. मग दोन रविवार मी आणि माझा भाऊ त्या कॉम्प्युटरचं बटण भिंतीवरूनच बंद करत बसलो. कधी तीन सेकंदांनी, कधी मिनिटानं. चाळीस वेळा तरी केलं. दर वेळी सुरू करून दोन गोष्टी बघायच्या: फाईलची अंतर्गत तपासणी नीट येते का, आणि लॅपटॉपवर पोचलेला शेवटचा क्रमांक फाईलमध्ये आहे का. एकदाही फाईल बिघडली नाही, एकही पोचलेला क्रमांक गहाळ झाला नाही. मग मी सिंक्रोनस हे सेटिंग ऑफ केलं, म्हणजे डिस्कला बजावणं बंद. सातव्याच वेळी संदेश आला, डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड. त्याच रविवारी बाजारातल्या एका स्वस्त पेनड्राइव्हवर तोच प्रयोग केला, सिंक्रोनस फुल, म्हणजे बजावणं पूर्ण चालू ठेवून. तिथे पोचलेले क्रमांक गहाळ झाले. "लिहून झालं" असं डिस्कच खोटं सांगत असेल तर वरचा कुठलाही डेटाबेस काही करू शकत नाही. तेव्हापासून पेनड्राइव्हवरून डेटाबेस चालवायला मी कुणालाच देत नाही.

इंटरनेटवर वेग वाढवायला सिंक्रोनस ऑफ करा असा सल्ला सर्रास दिसतो. ज्याच्या फाईलमध्ये कुणाचे पैसे आहेत त्यानं तो ऐकू नये. वेगाची तक्रार खरी आहे, पण तिचं कारण वेगळं असतं. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते, आणि प्रत्येक कमिटला डिस्कवर पोचल्याची खात्री होईपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे अशा डिस्कवर सेकंदाला साठच्या आसपासच कमिट होतात, हे एसक्यूलाइटवाले स्वतःच सांगतात. नव्या केंद्रावर सभासदांची यादी भरताना प्रत्येक नाव वेगळं कमिट केलं तर चहा होईपर्यंत बसावं लागेल. सगळी यादी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे शेवटी एकदाच कमिट होणाऱ्या एका गठ्ठ्यात घाला, डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. आणि अर्ध्यात काही झालं तर अर्धी यादी मागे राहत नाही, हा त्यातला जास्त मोठा फायदा.

2010 च्या जुलैमध्ये आलेल्या 3.7.0 आवृत्तीपासून दुसरी पद्धत आहे, वॉल (राइट-अहेड लॉग). आमची मोठी केंद्रं आता तिच्यावर चालतात. तिथे उलटं होतं: मूळ फाईल तशीच राहते आणि नवी पानं शेपटीला वॉल असलेल्या फाईलच्या शेवटी जोडली जातात. पानांबरोबर पडताळणीची बेरीज असते आणि कमिट झालेल्या ठिकाणी खूण. लाईट गेली तर पुढच्या वेळी शेवटच्या शाबूत खुणेपर्यंतचं धरलं जातं, पुढचं अर्धवट सोडून दिलं जातं. वॉलमध्ये साधारण हजार पानं साठली की ती मूळ फाईलमध्ये उतरवली जातात. माझा फायदा असा झाला की काट्यावर नोंदी चालू असताना सचिवांनी आतल्या खोलीतून महिन्याचा अहवाल काढला तरी काटा थांबत नाही. पूर्वी अहवाल निघेपर्यंत नोंद अडकायची आणि रांगेतून आवाज यायचे.

वॉलबरोबर बरेच जण सिंक्रोनस नॉर्मल ठेवतात, म्हणजे प्रत्येक कमिटला डिस्कला बजावत नाहीत, आणि अनेक कामांना ते योग्यही आहे. फाईल बिघडत नाही, पण लाईट गेल्यास शेवटच्या काही नोंदी मागे फिरू शकतात. काट्यावर मला ते चालत नाही. उत्पादकाच्या हातात पावती आहे आणि कॉम्प्युटरमध्ये नोंद नाही, यापेक्षा वाईट भांडण गावात दुसरं नाही. म्हणून माझ्याकडे वॉलबरोबर फुल, आणि प्रिंटरला आदेश कमिट यशस्वी झाल्यावरच. आधी छापून मग कमिट असा क्रम असलेले प्रोग्राम मी दुसरीकडे पाहिले आहेत. तिथे डेटाबेस कितीही पक्का असला तरी पावती खोटी ठरू शकते.

आता याच्या त्रासाच्या बाजू, कारण त्याही मी भोगल्या आहेत.

सगळ्यात मोठा धोका माणसाचा. एका केंद्रावर सचिवांचा भाचा सुट्टीत आलेला, कॉम्प्युटर साफ करून देतो म्हणाला. रात्री लाईट गेल्यामुळे जर्नल फाईल मागे राहिली होती. त्यानं ती कचरा समजून पुसली. खतावणी अर्धी खाडाखोड केलेली आणि कपाटातला कागद चुलीत, अशी अवस्था. मुलाचा काही दोष नव्हता, त्या फाईलवर कुठे लिहिलंय की मला हात लावू नका? ही एसक्यूलाइटची खरी उणीव मला वाटते: त्याचा जीव ज्या फाईलमध्ये असतो ती दिसायला तात्पुरती दिसते. त्या दिवशी आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून निभावलं. आता माझा प्रोग्राम डेटाबेस वेगळ्या, लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो, आणि मॉनिटरच्या कडेला मराठीत छापलेली चिठ्ठी चिकटवलेली असते.

प्रत काढण्याचंही तसंच. चालू डेटाबेसची मुख्य फाईल उचलून पेनड्राइव्हवर टाकली की बॅकअप झाला, असं सगळ्यांना वाटतं. वॉल मागेच राहते, किंवा कॉपी होता होता मध्येच नोंद पडते आणि अर्धी जुनी अर्धी नवी फाईल मिळते. ती उघडतेही, म्हणून कळत नाही. यासाठी त्याची स्वतःची बॅकअपची सोय आहे, आणि 2019 पासून व्हॅक्यूम इंटू हा एका ओळीचा आदेश आहे जो चालू डेटाबेसची सुसंगत, आटोपशीर प्रत नव्या फाईलमध्ये काढतो. मी रात्री नऊला तोच चालवते, आणि काढलेल्या प्रतीवर तपासणी चालवल्याशिवाय हिरवा दिवा दाखवत नाही.

दोन काटे असलेल्या एका संस्थेला एकच फाईल नेटवर्कवर शेअर करून हवी होती. मी नाही म्हणाले. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणारी कुलुपं भरवशाची नसतात, आणि वॉल तर वेगवेगळ्या मशीनवरून चालतच नाही. तिथे एका कॉम्प्युटरवर डेटाबेस ठेवून दुसरा काटा त्याच्याशी बोलतो अशी व्यवस्था केली. लिहिणारा एका वेळी एकच, ही मर्यादा एसक्यूलाइटवाल्यांनी कधी लपवलेली नाही. ज्यांना शंभर माणसं एकाच वेळी लिहिणार आहेत त्यांनी दुसरं काही बघावं.

आणखी एक गोष्ट, जी लाईटशी संबंधित नाही पण मला महागात पडली. एसक्यूलाइट आकड्याच्या रकान्यात अक्षरंही मुकाट्यानं घेतं. फॅट मोजणारं यंत्र, ॲनालायझर, बंद असताना एका ऑपरेटरनं मराठी कीबोर्डवरून फॅट ४.२ असं देवनागरी आकड्यांत भरलं. ते शब्द म्हणून साठलं आणि बेरजेत शून्य धरलं गेलं. ही चूक माझ्या तपासण्यांची होती, पण डेटाबेसनं अडवायला हवं होतं असं माझं आजही मत आहे. 2021 पासून तक्ता स्ट्रिक्ट म्हणून तयार करता येतो, मग ते अडवतं. नवा तक्ता करताना ते विसरू नका. अंतर्गत तपासणीवरही नको तेवढा विश्वास ठेवू नका. ती फाईलची रचना आणि सूचीचा मेळ बघते. डिस्कच्या बिघाडानं 255 चे 265 झाले आणि तो रकाना सूचीत नसला, तर तिला ते कळणार नाही. त्यासाठी मी रोजची बेरीज वेगळी साठवते आणि ताडून बघते.

एवढं असूनही मी याच्यावर विसंबते, त्याचं एक कारण ते बनवणाऱ्यांची कामाची पद्धत. रिचर्ड हिप यांनी 2000 साली हे सुरू केलं, अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेवरच्या सॉफ्टवेअरचं काम करताना. वेगळा सर्व्हर चालू असण्यावर प्रोग्राम अवलंबून राहू नये ही त्यामागची गरज होती. तपासणीसाठी लिहिलेला त्यांचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट आहे. त्यात मुद्दाम डिस्क भरल्याचं, मेमरी संपल्याचं, लिहिता लिहिता वीज गेल्याचं सोंग आणलं जातं, पहिल्या वेळी पहिल्या लिखाणाला अपयश, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असं काही न चुकता पार पडेपर्यंत. मी दोन रविवार भिंतीवरचं बटण दाबत जे केलं ते हे लोक प्रत्येक आवृत्तीला यंत्राकडून करून घेतात. कोड सार्वजनिक मालकीचा आहे, पैसे लागत नाहीत, आणि 2050 पर्यंत सांभाळू असं त्यांनी जाहीर केलंय. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही तो आहे, अँड्रॉइड असो की आयफोन. दहा दिवसांनी दीड-दोन हजारांचं बिल घेणाऱ्या माणसाच्या नोंदीला जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या नोंदीइतकंच पक्कं संरक्षण फुकट मिळतं, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

गेल्या पावसात एका संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एका केंद्रावर लाईट गेली. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेलेला. सचिवांचा फोन आला, "ताई, मधल्या आळीतल्या आजींचं दूध काट्यावर होतं, बटण दाबलं आणि गेली बघा. पावती नाही आली. परत घेऊ का माप?" मी म्हटलं, कॅनमध्ये ओतू नका, लाईटची वाट बघा. पाऊण तासानं लाईट आली, प्रोग्राम उघडला. वॉल फाईल तिथेच होती, ती वाचून डेटाबेस आपोआप जागेवर आला. शेवटची नोंद आजींची, चार लिटर दोनशे, रक्कम खात्यावर जमा, एकूण दुधातही धरलेली. सचिवांनी दुबार पावतीचं बटण दाबलं आणि दूध कॅनमध्ये ओतलं. आजी तोवर पायरीवर बसून होत्या. पावती घेऊन त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली.